नावाड्याची बायको

‘जूनमध्ये लीव्हवर गावी गेले की प्रबंध बांधायलाच टाकते,’ असं बर्था म्हणाली तेव्हा फ्लोरी उकडलेले बटाटे सोलत होती. गरम साल बोटांना चटके देत होती, म्हणून ती एकेक बटाटा या हातातून त्या हातात उडवत होती. ‘कुठल्या नाटकावर आता? दुसरं मिळालं वाटतं?’ तिने विचारलं. ‘दुसरं कशाला?’ ‘अगं, ते पहिलं खोटं निघालं ना. नावाड्याच्या बायकोचं.’

बर्थाच्या हातात सुरी होती आणि पुढ्यात कोथिंबिरीची जुडी. सुरी थांबली नाही, एवढंच तिला नंतर आठवत राहिलं. ‘हो, ते होय,’ ती म्हणाली. ‘ते कळलं मला. लान्सीने सांगितलं.’ हे वाक्य तिने ठरवून म्हटलं नव्हतं. आयुष्यभर मुलांच्या थापा पकडता पकडता थाप कशी मारावी हेही आपण शिकून ठेवलं असावं, असं तिला वाटलं. फ्लोरीने बटाटा खाली ठेवला. ‘कधी सांगितलं?’ ‘मागच्या लीव्हला.’ ‘सुटले बाई!’ फ्लोरी म्हणाली, आणि खरोखरच सुटल्यासारखी स्टुलावर टेकली. ‘मी आमच्या रॉबर्टला कितीदा म्हटलं असेल, त्या बिचारीला सांगा कुणीतरी. दर शुक्रवारी ती एवढी रंगवून सांगते, आणि आपण सगळे माना डोलावतो. मला तर तुझ्याकडे बघवायचं नाही. लान्सीला विचारलं की त्याचं एकच, लीव्हवर गेलो की सांगतो. लीव्ह आली की म्हणणार, सुट्टीत कशाला तिचं तोंड कडू करू.’

‘मला वाईट नाही वाटलं तसं,’ बर्था म्हणाली. ‘फक्त त्याने नीट सांगितलं नाही. तुला ठाऊक आहे ना तो कसा सांगतो ते, अर्धं पोटात. त्याला कुणी सांगितलं म्हणे?’ ‘त्यांच्या कारखान्याच्या लॅबमधला तो गोरा साहेब. त्याची बहीण लंडनला लायब्ररीत होती. लान्सीनेच त्याला भरीला घातलं, माझ्या मिसेसला त्या पानाचा फोटो आणून द्या, सरप्राइज द्यायचंय. तर बहिणीने उलट कळवलं, फोटो कसला काढताय, ती ओळच मागाहून घुसडलेली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा मोठ्या विद्वानाने. कसल्याशा दिव्याखाली धरली की शाई वेगळी दिसते म्हणे.’ फ्लोरी हसली. ‘मी म्हटलं, विद्वान माणसाला असले धंदे कशाला सुचतात?’ ‘आणि लान्सीने तुम्हाला...’ ‘आमच्याकडेच तर सांगितलं! हिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी. तो आणि रॉबर्ट बाल्कनीत बिअर घेऊन बसले होते. तू आत होतीस, हिला मांडीवर घेऊन. पाच वर्षं झाली बघ!’ ‘ही’ म्हणजे डॅफ्नी, फ्लोरीची मुलगी, बर्थाची धर्मकन्या. तिचाच आज संध्याकाळी वाढदिवस होता, आणि त्यासाठीच हे पॅटिस चाललं होतं. डॅफ्नी दारात उभी राहून कधीपासून बघत होती. ‘मम्मी,’ ती म्हणाली, ‘आंटी इज कटिंग नथिंग.’ बर्थाने खाली पाहिलं. कोथिंबीर केव्हाच संपली होती, आणि सुरी पाटावर चालूच होती.

फ्लोरीच्या घरून आपल्या घरी यायला बहारीनच्या हूऱ्या भागातले तीन-चार रस्ते ओलांडायला लागत. शुक्रवार असल्यामुळे दुकानं बंद होती, मशिदीतून नमाज सुटला होता आणि माणसं चपला शोधत होती. उत्तरेचा गार वारा सुटला होता. त्या वाऱ्यात बारीक रेती असते, ती दातांत येते. लान्सी सकाळच्या शिफ्टला अस्करला गेला होता, तिथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात. तो यायला अवकाश होता. फ्लोरीला काहीतरी चुकीचं कळलं असेल, असा विचार बर्थाने कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअर म्हणवणाऱ्या किराणा दुकानापाशी करून पाहिला आणि पुढच्या इमारतीपर्यंत सोडूनही दिला. कारण ते खरं आहे हे तिला कळलं होतं. फ्लोरीने सांगितलं म्हणून नव्हे. ती ओळ तिला पाठ होती, आणि ओळीतली जी गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून आवडत आली होती तीच आता समोर येऊन उभी राहिली होती.

चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये, थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, एक नाटकशाळा होती. तिच्या मालकाला नाटकांशी फारसं कर्तव्य नव्हतं. कुणाला कशाचे पैसे दिले ते तो एका वहीत लिहून ठेवायचा. बिशपच्या झग्यासाठी शिंप्याला, चाकांवरच्या होडीसाठी सुताराला, नाटक पुरं व्हायच्या आधीची उचल लेखकांना. नाटकं बहुतेक हरवली, जळाली, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पेटवणाला गेली. हिशेब तेवढे उरले. मुंबईच्या कॉलेजात नवी नवी लेक्चरर झालेल्या बर्था परेराला तिच्या मार्गदर्शक सरांनी त्या वहीची जुनी छापील प्रत दिली, आणि एका पानाच्या तळाशी बोट ठेवलं. दोन लेखकांना ‘नावाड्याची बायको’ नावाच्या प्रहसनापोटी उचल दिल्याची नोंद होती. प्रहसन कसलं, तर ‘फार हसवणारं’. ‘मिस परेरा,’ सर म्हणाले होते, ‘अख्ख्या वहीत हा माणूस इथे एकदाच हसलाय.’ तेवढ्यावर ती भाळली. मग तिने पुढच्या पानांतून त्या नाटकाचा माग काढायला सुरुवात केली. चाकांवरची होडी तिचीच असणार. बायकी लाल झगा तिचाच. बिशपचा झगा, तीन खोट्या दाढ्या. तीन दाढ्या म्हणजे तीन वेषांतर केलेले पुरुष. तीन पुरुष आणि एक होडी म्हटल्यावर तिला वसईची खाडी दिसली, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची बेटं दिसली, आणि पाणजू बेटावर जाणाऱ्या होडीत उभ्या राहिलेल्या, साडी वर खोचलेल्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या बायका दिसल्या. नावाडी गावाला गेलाय. त्याच्या बायकोवर तिघांचा डोळा आहे, त्यांतला एक बिशप. ती एकेकाला रात्री होडीत घेते, नदीच्या मधल्या चिखलावर उतरवते आणि परत येते. पहाटे तिघंही एकमेकांना चिखलात भेटतात, प्रत्येकाची दाढी सुटलेली. इथे लोक हसत असणार, असं ती शुक्रवारी सांगायची, तेव्हा लान्सी मांडीवर थाप मारायचा. रॉबर्ट म्हणायचा, ‘प्रोफेसरीणबाई, त्या बिशपचं काम मला द्या. झगा माझा मी आणीन.’

आता ती ओळ काढून घेतली की होडी उरत होती. झगाही उरत होता, दाढ्या उरत होत्या. त्या नोंदी खऱ्या होत्या, पण त्यांच्यापुढे कुठल्या नाटकाचं नाव नव्हतं. त्या दुसऱ्या कुठल्याही नाटकाच्या असू शकत होत्या, तीन वेगवेगळ्या नाटकांच्याही. गेली होती फक्त बाई. आणि ती खोटी असल्याची खूण सुरुवातीपासून डोळ्यांसमोर होती. पैसे मोजणारा माणूस मालाला चांगलं म्हणत नाही. म्हटलं तर भाव चढतो. एवढं मासळी घेणाऱ्या कुठल्याही वसईकरणीला कळतं. अख्ख्या वहीत कधीही न हसलेला माणूस एकाच ओळीत हसत असेल, तर तो माणूस तो नव्हे. कुणीतरी मागाहून, कोरी जागा बघून, ज्याला हे नाटक असावंसं फार वाटत होतं अशाने, ते लिहिलं होतं. त्या विद्वानाचा तिला राग येईना. एका परीने त्या दोघांनी मिळूनच ते नाटक लिहिलं होतं. सर दोन वर्षांत वारले, तिने लग्न केलं, बहारीनला आली, आणि इथे तिला चूक दाखवील असं पुस्तक नव्हतं की माणूस नव्हता. नव्हता असं ती आज सकाळपर्यंत धरून चालली होती.

घरी येऊन तिने दिवा न लावता पडदा सरकवला आणि सोफ्यावर बसली. हूऱ्यातला समुद्र दर वर्षी भराव टाकून थोडा लांब नेत होते. ती आली त्या वर्षी खिडकीतून जिथे पाणी दिसायचं तिथे आता लॉऱ्या उभ्या होत्या. आधी तिने लान्सीच्या बाजूने विचार केला. तसा करणं तिला अवघड नव्हतं. गल्फमधल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, ही रीत घराघरांत होती. पासपोर्ट कंपनीकडे, लीव्ह दोन वर्षांनी. कळवून करायचं काय? एकटा माणूस खोलीत डोकं आपटून घेईल, त्यापेक्षा गावी आला की सांगू. ती शिकवायची त्या इथल्या शाळेत तिच्या शेजारी बसणाऱ्या हमीदाला, ती रत्नागिरीकडची, बापाचा दफनविधी उरकल्याचं ईद होऊन गेल्यावर कळलं होतं. ‘मायेनंच लपवतात गो बर्था,’ हमीदा म्हणाली होती, ‘पण त्याच्यानंतर कुणी ‘सगळं बरं हाय’ लिवलं की मला वाचवतच नाय.’ खुद्द लान्सीचे वडील पावसाळ्यात गेले आणि भाऊ ख्रिसमसपर्यंत लिहीत राहिला, डॅडी बरे आहेत, गुडघे तेवढे धरलेत. लान्सीने गावी जाणाऱ्याबरोबर बामाची ट्यूब पाठवली. सांताक्रूझहून घरी जाताना टॅक्सीत भावाने त्याला खरं सांगितलं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात लान्सीने हे बर्थाला सांगितलं होतं, छताकडे बघत. ‘डॅडी गेले ते गेलेच. पण ती ट्यूब, बर्था. घरातली सगळी माणसं त्या ट्यूबकडे बघत बसली असतील. मी त्यांच्यात किती मूर्ख ठरलो असेन.’ आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली होती. म्हणजे कसं वाटतं ते त्याला माहीत होतं. तरीही त्याने लपवलं. किंवा माहीत होतं म्हणूनच लपवलं, माणूस शिकतो ते आपल्याला मिळालेल्या माराकडूनच. त्याच्या बहिणीने, भावाने, आईने जे केलं तेच त्याने केलं, मायेने. एवढी सूट ती त्याला द्यायला तयार झाली होती. उठून चेहरा धुवावा, त्याचे कपडे काढून ठेवावेत, इथपर्यंत ती आली होती.

मग तिला तारीख आठवली. इतकी वर्षं हेच काम केल्यावर दुसरं काय होणार. एखादी नोंद खरी की खोटी हे नंतर ठरवायचं, आधी ती कधीची ते ठरवायचं. डॅफ्नीचा बाप्तिस्मा अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत झाला, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी. बाळाला घेऊन ती स्वतः चर्चमध्ये उभी होती. त्यानंतर, मार्चमध्ये, कॉलेजचं पत्र आलं. तीन वर्षांची बिनपगारी रजा संपत होती. जूनमध्ये हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. तिला जायचं होतं. तिला इथली शाळा, इथला वारा, दुपारी बंद पडद्यांमागे घरघरणारा एसी, काहीच आवडलं नव्हतं. तिने बॅगही काढली होती. आणि याच सोफ्यावर, तिचे पाय मांडीवर घेऊन, लान्सी तिला म्हणाला होता, ‘तिथे जाऊन काय करणार तू? दिवसाला चार लेक्चर्स नि रात्री पेपरांचे गठ्ठे. तुझी नावाड्याची बायको राहील तशीच पाण्यात. इथे तुझी शाळा दुपारी सुटते. निवांत पुरी कर तिला. डॉक्टरेट झालेल्या बाईला मग कुठलं कॉलेज नाही म्हणतंय?’ तिला तेव्हा रडू आलं होतं, आनंदाने. वसईत कुठल्या बाईचा नवरा असं म्हणाला होता? तिची आई म्हणायची, नवरा पुस्तकं जाळत नाही एवढं पुष्कळ. एप्रिलमध्ये रॉबर्ट लीव्हवर निघाला, तेव्हा राजीनाम्याचं पाकीट तिने त्याच्याच हातात दिलं. ‘पोचवतो की,’ तो म्हणाला होता, आणि पाकीट खिशात घालताना लान्सीकडे बघून हसला होता. रॉबर्ट सगळ्याच गोष्टींना हसतो, म्हणून तिने ते हसू कुठे धरून ठेवलं नव्हतं. आता ते आपोआप आपल्या जागी येऊन बसलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. लान्सीने जिच्यासाठी तिला इथे थांबवलं, ती बाई नाहीच हे त्याला थांबवताना माहीत होतं.

ही बातमी लपवणं नव्हतं. गावाकडची माणसं मेलेल्याला जिवंत म्हणतात, पण त्याच्या नावावर कुणाकडून काही लिहून घेत नाहीत. तिने ते कॉलेज डोळ्यांपुढे आणलं, तिसऱ्या मजल्यावरची स्टाफरूम, तिचं कपाट. तिच्या जागी आलेली मुलगी आता हेड झाली असेल. त्याला बर्था हवी होती, की भाऊ वसईला बांधत असलेल्या घरात तिचा पगार हवा होता, की नुसतं कामावरून आल्यावर आत दिवा लागलेला हवा होता, हे ठरवायला तिच्यापाशी पुरावा नव्हता. कदाचित तिन्ही. कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं. पण एक भयंकर गोष्ट आता सुरू झाली होती आणि ती तिला थांबवता येईना. ती मागे मागे जाऊन प्रत्येक गोष्ट दिव्याखाली धरत होती. आजारी असताना तो रात्रभर बसला होता ते. निळी साडी तुला शोभते म्हणाला ते. मूल नाही झालं तर नाही, आपण दोघं आहोत ना, म्हणाला ते. यातलं कोणतं त्या वेळचं, कोणतं मागाहून कोऱ्या जागेत घातलेलं? नुसत्या डोळ्यांना शाई सारखीच दिसत होती.

साडेतीनच्या सुमारास कंपनीची बस खाली थांबली आणि लान्सी जिना चढून आला. त्याच्या कपड्यांना भट्टीचा तो जळका, धातूचा वास होता. कितीही धुतला तरी तो उरतोच. ‘हे काय, अंधारात? आणि अजून तयार नाहीस?’ तो बूट काढत म्हणाला. ‘तुझी लेक केक कापून मोकळी होईल हां. आणि तो रॉबर्ट सगळे पॅटिस एकटा खाईल.’ ‘बस जरा,’ बर्था म्हणाली. तिने पुस्तक आधीच काढून टीपॉयवर ठेवलं होतं. ‘मला एक ओळ मोठ्याने ऐकायचीय. प्रस्तावना तिच्यापासून सुरू करायचीय. माझ्या आवाजात मला ती कळेनाशी झालीय.’ ‘मी वाचू? बाय गं, माझं इंग्लिश भट्टीवरचं. शिव्या तेवढ्या स्वच्छ येतात.’ ‘तरी वाच.’ त्याने हात पँटला पुसले, पुस्तक घेतलं, खिडकीकडे धरलं. तिने बोट ठेवलेल्या ठिकाणी त्याने वाचलं, शाळेतल्या मुलासारखं, एकेक शब्द उचलून. ‘पेड इन अर्नेस्ट ऑफ अ व्हेरी मेरी कॉमेडी कॉल्ड द फेरीमन्स वाइफ.’ मग तिच्याकडे बघून हसला. ‘अरे वा. काय दणक्यात सुरुवात होईल.’

‘परत वाच,’ ती म्हणाली. ‘व्हेरी मेरी जरा पडलं.’ त्याने परत वाचलं. या खेपेस त्याने ते दोन शब्द उगाच फुलवून म्हटले आणि भुवया उडवल्या. ती हसली नाही. ‘परत.’ ‘बर्था, उशीर होतोय.’ ‘एकदाच.’ त्याने पुस्तकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडे. ‘पेड इन अर्नेस्ट ऑफ अ,’ तो म्हणाला, आणि थांबला. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवून मित्राला हाका मारत होतं, यल्ला, यल्ला. लान्सीने पुस्तक मिटलं नाही. त्याचा अंगठा त्या ओळीवर होता, नखात भट्टीची काळी रेघ. त्याचा चेहरा एकदम वडील माणसासारखा दिसू लागला.

‘तुला कधी कळलं?’ त्याने विचारलं.

‘तुला कधी कळलं?’ तिने विचारलं.

त्याने अंगठा ओळीवरून काढला, आणि तेवढ्या वेळात बर्थाला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, कारण ती आशा धरून बसली होती. अठ्ठ्याहत्तर म्हण, ती मनात म्हणत होती. बाकी काही समजावू नकोस. कारण सांगू नकोस, माफी मागू नकोस. एवढा आकडा म्हण. तेवढी एक नोंद खरी निघाली तर तिच्या आधारानं मागचं पुढचं पुन्हा लावता येईल, होडी कुणाची, झगा कुणाचा, ते बघता येईल. कितीही कमी उरलं तरी चालेल. ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

‘ऐंशी साली,’ लान्सी म्हणाला. त्याने मान वर केली आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. ‘ख्रिसमसच्या आधी. साहेबाने लॅबमध्ये बोलावून सांगितलं. तुझा राजीनामा जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती, बर्था. मग कुठल्या तोंडाने सांगणार होतो? आधी कळलं असतं तर मी तुला थांबवलं असतं का?’ त्याचा आवाज भरून आला होता, आणि तो भरून येणं खोटं नव्हतं. ‘मला तो दिवस अजून आठवतो. पाऊस पडला होता बघ त्या आठवड्यात, अस्करच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, बस मध्येच बंद पडली. मी भिजत घरी आलो, आणि तू विचारलंस, एवढा गप्प का.’

बर्थाने त्याच्या हातातून पुस्तक घेतलं. त्या आठवड्यात बहारीनला खरोखरच पाऊस पडला होता, ओळ तेवढी मागाहून घातलेली होती.